पिंजऱ्यातल्या माकडाला क्षय देतं कोण?

प्राणिसंग्रहालयात एखादं माकड शिंकलं की आया पोरांना मागे ओढतात. "लांब हो, रोग लागेल!" त्याच वेळी गर्दीत कुणी खोकत असतं, कुणी अर्धं खाल्लेलं केळं जाळीतून आत सरकवत असतं. त्याची भीती मात्र कुणालाच वाटत नाही. माकडांच्या श्वसनरोगांबद्दलचा सगळ्यात जुना गैरसमज इथेच आहे. रोग कुठून कुठे जातो, ते आपण उलटं धरून बसलो आहोत.

क्षयाचंच घ्या. माणसांपासून दूर राहणाऱ्या टोळीतल्या लाल तोंडाच्या माकडात, म्हणजे ऱ्हीससमध्ये, क्षय क्वचितच सापडतो. तेच माकड पकडून व्यापाऱ्याच्या गोदामात दाटीवाटीनं कोंडलं, की काही आठवड्यांत चित्र पालटू शकतं. तिथे त्याला लागतो तो बहुधा माणसाच्या क्षयाचाच जंतू, रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये जगाला दाखवला तोच. पोलिओची लस ऱ्हीससच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार व्हायची, त्यामुळे १९५० च्या दशकात भारतातून ही माकडं प्रचंड संख्येनं परदेशी गेली. तो प्रवास कसा असे, हे १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर दिसलं. भारतातून निघालेली शेकडो माकडं तिथे गुदमरून मेली. भारतानं काही काळ निर्यात थांबवली आणि १९७८ पासून ऱ्हीससची निर्यात कायमची बंद केली. जी माकडं असल्या प्रवासातून जिवंत उतरत, त्यांच्यातल्या काहींच्या फुफ्फुसांत माणसाचे जंतू मुक्कामाला असत. अशा जनावराला 'रोगट प्राणी' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे तर हा विचार आधी व्हायला हवा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं माकडांच्या खेळांवर बंदी आली, पण त्याआधी कितीतरी माकडांचं अख्खं आयुष्य मालकाच्या बिऱ्हाडात गेलं. एकच भाकरी, एकच पाणी, एकच कोंदट झोपडी. ज्या घरात माणसालाच औषध मिळण्याची मारामार, तिथे माकडाला कोण वाचवणार?

दुसरा गैरसमज जास्त घातकी आहे: "खोकत नाही ना? मग ठणठणीत आहे." माकड दुखणं लपवतं. कळपात अशक्त दिसलं की वरचा दर्जा जातो, मार पडतो, खाणं हिसकावलं जातं. त्यामुळे ऱ्हीससची फुफ्फुसं क्षयानं पोखरलेली असतानाही ते उड्या मारताना दिसू शकतं, आणि कधी कधी रोगाचं पहिलं लक्षण म्हणजे सकाळी पिंजऱ्यात सापडलेला मृतदेहच असतो. जाणता कीपर खोकल्याची वाट पाहत नाही. नेहमी पुढे येऊन शेंगदाणे घेणारं माकड आज मागे का बसलंय, केस विस्कटलेले का, पाठीला बाक का आला, वजन का उतरतंय, स्वस्थ बसलं असतानाही पोट भराभर का हलतंय, हे तो पाहतो. न्यूमोकॉकस या जंतूची तर आणखी एक खोड आहे. तो फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. मग माकड मान वाकडी करून बसतं, तोल जाऊन पडतं, झटके येतात. पाहणाऱ्याला वाटतं, डोक्याला मार लागला.

हा न्यूमोकॉकस धडधाकट माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात निवांत राहतो. माकडांच्याही राहतो. प्रवास, जागाबदल, नवा कळप किंवा एखादा विषाणूचा ताप आला की तो डोकं वर काढतो. गोवर हे त्याचं चांगलं उदाहरण. गोवर माणसाकडून माकडांना होतो, त्यांची प्रतिकारशक्ती खाली बसते आणि मागोमाग जंतूंचा न्यूमोनिया येतो. दक्षिण अमेरिकेच्या चिमुकल्या मार्मोसेटना आणखी एका बाजूनं धोका असतो. कुत्रे, ससे आणि गिनीपिग यांच्या श्वसनमार्गात आढळणारा बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका त्यांना न्यूमोनिया देऊ शकतो. म्हणून सशांच्या खोलीशेजारी मार्मोसेट ठेवणं चुकीचंच.

क्षयाच्या चाचणीबद्दल लोकांना वाटतं, एकदा केली, निगेटिव्ह आली, विषय संपला. मुळात ही चाचणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. माणसाच्या हातावर करतात तशीच ही त्वचेची चाचणी, पण माकडाला ती वरच्या पापणीत करतात. एक दशांश मिलिलिटर ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून बनवलेलं द्रावण, बारीक सुईनं टोचायचं आणि २४, ४८ व ७२ तासांनी पापणी पाहायची. पापणीच का? कारण ती सुजली, लाल झाली किंवा मिटली तर जाळीबाहेरूनच दिसते. माकडाला पुन्हा पकडावं लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. माणसाची मात्रा इथे कामाची नाही. माकडाचं शरीर ट्युबरक्युलिनला फार मंद प्रतिसाद देतं, म्हणून शेकडो पट तीव्र द्रावण लागतं. माणसांच्या दवाखान्यातली बाटली आणून टोचली आणि पापणी सुजली नाही, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

शिवाय जंतू शिरल्यावर चाचणी उमटायला काही आठवडे जातात. रोग फार पुढे गेला की शरीर थकतं आणि चाचणी पुन्हा निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे सगळ्यात जास्त जंतू उधळणारं माकडच निसटतं. म्हणून नवं माकड आलं की अमेरिकेत किमान ३१ दिवस वेगळं ठेवतात आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं चाचण्या घेतात. जोडीला छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणीही करता येते. हे खर्चिक आहे, कटकटीचं आहे आणि त्यात काटछाट करायला जागा नाही.

"थंडी बाधली" हे निदान तर घरोघरी होतं. उष्ण प्रदेशातल्या माकडाला बोचरं वारं सोसत नाही हे खरंच, पण थंडी जंतू आणत नाही. उलट थंडी म्हणून पिंजऱ्याला चहूबाजूंनी गोणपाट आणि प्लास्टिक बांधलं, की मुताचा अमोनिया आत साचतो, श्वासमार्गाचं अस्तर दुखावतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. एका बाजूनं आडोसा आणि वरून हवा खेळती, एवढं साधलं तरी पुष्कळ. शिवाय माणसासारखंच माकडालाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. नुसत्या चपाती-बिस्किटांवर ठेवलेलं माकड आधीच अर्धं हरलेलं असतं.

मग उरलेली अँटिबायोटिक्स. घरात शिल्लक राहिलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या केळ्यात घालून देणारे लोक आहेत. माकडांत झपाट्यानं मरण आणणारा क्लेब्सिएला हा जंतू मूळचाच त्या औषधाला दाद देत नाही. क्षयात तर अर्धवट उपचार न केल्यापेक्षा वाईट. आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध एकटंच दिलं की पापणीची चाचणी दबू शकते, माकड निरोगी भासतं आणि आजूबाजूची माकडं मात्र संसर्ग घेत राहतात. पूर्ण उपचार म्हणजे अनेक औषधं, अनेक महिने, एकही मात्रा न चुकवता. कळपातल्या चलाख जनावरावर ते इतकं अवघड जातं, की बहुतेक संस्था बाधित माकडाला वेदनारहित मरण देतात. हा निर्णय घेणाऱ्या पशुवैद्याला रात्री झोप लागत असेल असं मला वाटत नाही.

माकडांना बीसीजी ही क्षयाची लस का देत नाहीत, असंही विचारतात. बीसीजी दिल्यावर त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग खरा रुग्ण ओळखायचा कसा? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बीसीजी थेट शिरेतून दिलेल्या दहा ऱ्हीससपैकी नऊ जणांना भक्कम संरक्षण मिळालं. माणसांच्या लशीसाठी ती मोठी आशेची बातमी ठरली. पिंजऱ्यातल्या माकडांसाठी रोजचा व्यवहार त्यानं बदललेला नाही.

व्यवहार बदलतो तो माणसाच्या बाजूनं. जाळीऐवजी काच, काच नसेल तर दोन कठड्यांमधलं अंतर, बाहेरचं खाणं पूर्ण बंद, दूध दिलंच तर उकळून, आणि कीपरची दरवर्षी क्षयाची तपासणी. बाधित माकडाकडून कीपरलाही क्षय होऊ शकतो, म्हणजे ही तपासणी दोघांसाठी आहे. पण रोजंदारीवरचा कीपर दोन आठवड्यांचा खोकला सांगेल कशाला, जर सांगितल्या दिवसापासून त्याची मजुरी कापली जाणार असेल? त्याची भरपगारी रजा हा माकडांच्या औषधखर्चातलाच पहिला आकडा धरायला हवा.