कादंबरीचे साक्षेपी वाचन

कादंबरीचे साक्षेपी वाचन : कादंबरीतील घटना जाणून घेण्यापुरते न थांबता, त्या कोण सांगतो, कोणत्या क्रमाने व कोणत्या भाषेत सांगतो आणि काय सांगावयाचे टाळतो, यांकडे लक्ष देऊन केलेले वाचन. अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या कादंबऱ्याच अशा वाचनास योग्य असतात व लोकप्रिय कादंबऱ्या केवळ करमणुकीपुरत्या असतात, असा एक समज रूढ आहे. कादंबरीच्या इतिहासाने मात्र त्यास पुष्टी मिळत नाही. आज अभिजात मानल्या जाणाऱ्या अनेक कादंबऱ्या प्रथम सामान्य वाचकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. चार्ल्स डिकन्स यांची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स (१८६०–६१) इंग्लंडमधील एका साप्ताहिकातून आली. हरि नारायण आपटे यांची पण लक्षांत कोण घेतो? ही १८९० पासून करमणूक या साप्ताहिकातून येऊ लागली व १८९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

ई. एम्. फॉर्स्टर यांनी ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल (१९२७) या ग्रंथात कथा आणि कथानक यांत भेद केला आहे. कथा ही घटनांचा कालक्रम सांगते, तर कथानकात त्या घटनांमधील कार्यकारणसंबंधावर भर असतो. ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नास कुतूहल पुरते, ‘का झाले?’ या प्रश्नास बुद्धी व स्मरणशक्ती लागते. पहिल्या वाचनात कुतूहलाचा वेग इतका असतो, की आरंभी आलेल्या तपशिलाचा शेवटाशी असलेला संबंध सहसा ध्यानात येत नाही. साक्षेपी वाचन हे बहुधा पुनर्वाचन असते, ते यामुळेच.

निवेदकाची निवड हा अशा वाचनातील पहिला विचारणीय विषय होय. ग्रेट एक्स्पेक्टेशन्समध्ये प्रौढ पिप आपल्या बाल्याची व तारुण्याची हकिकत सांगतो. आपला अज्ञात उपकारकर्ता म्हणजे श्रीमंत मिस हॅव्हिशॅमच, अशी तरुण पिपची समजूत असते. प्रत्यक्षात तो उपकारकर्ता एक हद्दपार कैदी असतो. दोघांचा वकील एकच असल्यामुळे ही चूक पिपप्रमाणेच वाचकाकडूनही होते. दुसऱ्या वाचनात मात्र त्या समजुतीस पुरावा असा नव्हताच, तिच्यामागे प्रतिष्ठेची हाव होती, हे उघड होते. येथे रहस्यभेद हा केवळ धक्का राहत नाही. तो एका स्वभावाचा उलगडा ठरतो.

पण लक्षांत कोण घेतो? या कादंबरीत यमू ही विधवा ब्राह्मण स्त्री आत्मवृत्त सांगते. वडिलांचा धाक, आईची सोशिकता, बालपणीच ठरणारे लग्न या गोष्टी ती प्रथम घरातील नित्याच्या व्यवहाराप्रमाणे सांगत जाते. सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग येतो, तेव्हा त्याची बीजे त्या नित्याच्या व्यवहारातच होती, हे मागे वळून पाहणाऱ्या वाचकास कळते. क्रौर्य एखाद्या दुष्ट व्यक्तीपुरते नसून घराच्या रीतिभातींत मुरलेले आहे, हे लेखकाने व्याख्यान न देता निवेदनाच्या मांडणीतून सिद्ध केले आहे. केवळ शेवटच्या दुःखाने हेलावणाऱ्या वाचकाकडून नेमके हेच निसटते. शीर्षकातील प्रश्न त्या काळच्या समाजास उद्देशून आहे. पण तो वाचकासही लागू पडतो.

लोकप्रिय मानल्या जाणाऱ्या प्रकारांतही अशी कारागिरी आढळते. ॲगाथा क्रिस्टी यांच्या द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) या रहस्यकादंबरीत कथा सांगणारा डॉक्टरच खुनी असतो. तो खोटे बोलत नाही. सुमारे दहा मिनिटांचा अवधी तो एका साध्या वाक्यात झाकून टाकतो. रहस्य ठाऊक झाल्यावर ही कादंबरी पुन्हा वाचली, म्हणजे गाळलेल्या जागा दिसू लागतात आणि निवेदकावर आपण किती सहज विश्वास ठेवतो, याचा प्रत्यय येतो.

वि. स. खांडेकर यांच्या ययाति (१९५९) या कादंबरीत तीन, तर शिवाजी सावंत यांच्या मृत्युंजय (१९६७) मध्ये सहा व्यक्ती निवेदन करतात. दोहोंना विपुल वाचकवर्ग लाभला. निवेदक बदलल्याने घटनेचा अर्थ बदलतो काय आणि प्रत्येकाची भाषा त्याच्या स्वभावास व स्थितीस अनुसरून वेगळी होते काय, हे प्रश्न येथे विचारावे लागतात. लोकप्रियता त्यांचे उत्तर देत नाही; तसेच ती त्या प्रश्नांना अपात्रही ठरवीत नाही. भाषेचे महत्त्व भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) मध्ये विशेष जाणवते. पांडुरंग सांगवीकर या तरुणाची बोलभाषेच्या वळणाची, सर्वांची टर उडविणारी निवेदनशैली त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी आली की तिचे बळ संपते. त्या थट्टेखाली काय दडले होते, ते तेथे समजते.

साक्षेपी वाचन म्हणजे दोषसंशोधन नव्हे किंवा तात्पर्य शोधणेही नव्हे. कथेची गोडी त्याने कमी होत नाही; उलट त्या गोडीची कारणे कळतात. शेवट ठाऊक झाल्यावरही जी कादंबरी वाचकाला काही नवे दाखविते, ती पुन्हा वाचण्याजोगी होय. या कसोटीवर काही लोकप्रिय कादंबऱ्या उतरतात व काही गौरविलेल्या कादंबऱ्या उतरत नाहीत. तेव्हा कोणत्याही कादंबरीचे मोल तिच्या ख्यातीवरून किंवा खपावरून आधीच ठरविण्यापेक्षा, प्रत्यक्ष वाचनाने ठरविणे अधिक न्याय्य असते.