आठ कंपन्या, एक यादी : डेक्कन एअरवेज आणि वैमानिकांच्या ज्येष्ठतेचा तिढा

बेगमपेठच्या जुन्या विमानतळावर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. इमारत, धावपट्टी, निजामाच्या काळातली विमानं, सगळं येतं त्यात. डेक्कन एअरवेजचाही उल्लेख असतो. ही कंपनी १९४५ साली निघाली, निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत, आणि १९५३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. बहुतेक लेख इथे थांबतात. मला मात्र एक प्रश्न पडत आला आहे : कंपनी विलीन झाली, पण तिच्या वैमानिकांचं काय झालं? नव्या कंपनीच्या रांगेत ते कुठे उभे राहिले?

हा प्रश्न नीट समजायचा तर वैमानिकाची नोकरी कशी चालते ते आधी पाहायला हवं. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. उजवीकडे सहवैमानिक, डावीकडे कॅप्टन. आज आपल्याकडे किमान २०० तासांच्या उड्डाणावर कमर्शियल लायसन मिळतं, पण कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या लायसनसाठी १५०० तास लागतात. हे झालं कागदावरचं. एवढे तास भरले की डावी खुर्ची मिळते असं नाही. ती रिकामी व्हावी लागते, आणि रिकामी झाल्यावर कोणाचा नंबर, हे ज्येष्ठतेच्या यादीवर ठरतं.

ही यादी म्हणजे वैमानिकाचं अर्धं आयुष्य. कमांड कधी मिळणार, मोठ्या विमानाचं ट्रेनिंग आधी कोणाला, रजा कोणाला, हे सगळं बऱ्याच अंशी तिच्यावरून ठरत आलं आहे. विमान मोठं तसा पगार मोठा, म्हणून रांगेतली एक जागा मागेपुढे झाली की वर्षांचा आणि लाखांचा फरक पडतो. दुसऱ्या कंपनीत जायचं तर ज्येष्ठता बरोबर नेता येत नाही. तिथे पुन्हा शेवटून सुरुवात.

आपल्या शहराशी जोडलेलं एक उदाहरण बोलकं आहे. प्रेम माथूर या भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक. १९४७ साली लायसन मिळाल्यावर त्यांनी बऱ्याच कंपन्यांचे दरवाजे ठोठावले, आणि शेवटी नोकरी दिली ती आपल्या डेक्कन एअरवेजने, सहवैमानिक म्हणून. याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. आवश्यक तास पूर्ण होऊनही त्यांना कमांड दिली गेली नाही, आणि त्यांनी ती नोकरी सोडली. उजव्या खुर्चीपासून डाव्या खुर्चीपर्यंतचं अंतर तासांत मोजता येत नाही, हे हैदराबादेत तेव्हाच दिसलं होतं.

आता १९५३. एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने देशांतर्गत विमानसेवा एका छत्राखाली आली. डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि एअर इंडियाची देशांतर्गत सेवा, अशा आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. १ ऑगस्ट १९५३ पासून कारभार नव्या महामंडळाकडे गेला. विमानांची मोजदाद सोपी होती. ७४ डकोटा, १२ व्हायकिंग, ३ स्कायमास्टर आणि काही छोटी विमानं. १ जुलै १९५२ च्या आधीपासून नोकरीत असलेल्या माणसांचीही सोय कायद्याने केली. पगार आणि अटी त्याच ठेवून त्यांना महामंडळात घेतलं. पण पगार सांभाळणं वेगळं आणि रांग सांभाळणं वेगळं. आठ कंपन्यांच्या आठ रांगा एकात एक कशा गुंफायच्या, याचं सूत्र त्या कलमात नव्हतं.

हा पेच आपल्या सुलतान बाजार-काचीगुडा भागातल्या जुन्या मराठी घरांना नवा वाटणार नाही. तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि त्यांच्याबरोबर तलाठ्यापासून अधिकाऱ्यापर्यंत हजारो नोकरदार. इथला अमुक हुद्दा म्हणजे तिथला कोणता? इथली दहा वर्षं तिथे दहाच धरायची का? राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाखाली एकत्रित ज्येष्ठता याद्या झाल्या, त्यांवर हरकती आल्या, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. वैमानिकांचा तिढा त्याच जातीचा आहे, फक्त फाइलींच्या जागी विमानं आहेत.

तिढा कुठे बसतो ते एका काल्पनिक उदाहरणावरून सांगतो. समजा, अ आणि ब असे दोन वैमानिक. अ १९९६ साली एका कंपनीत लागला. तिच्याकडे मोठी विमानं, पण थोडी. म्हणून त्याला कमांड मिळाली २००७ साली. ब १९९९ साली दुसऱ्या कंपनीत लागला. तिची छोटी विमानं भराभर वाढत होती, म्हणून तो २००५ सालीच कॅप्टन झाला. आता कंपन्या एक झाल्या. नोकरीची तारीख धरली तर अ वर. कमांडची तारीख धरली तर ब वर. दोन्ही याद्यांतले नंबर प्रमाणात एकाआड एक घेतले तर तिसराच क्रम लागतो. तिन्ही नियम स्वच्छ आहेत, कोणी कोणाला फसवत नाही. तरी प्रत्येक नियमाने कोणाच्या तरी ताटातलं जातं, आणि ज्याचं जातं त्याला तो अन्यायच वाटतो.

हे उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं विलीनीकरण झालं, तेव्हा साधारण हीच परिस्थिती होती. कंपनी एक झाली, संघटना दोनच राहिल्या. जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, आणि इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २०११ साली दुसऱ्या संघटनेने संप केला. मुख्य मागणी पगाराच्या समानतेची. मग हे सगळे प्रश्न सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. २०१२ च्या मे महिन्यात पहिल्या संघटनेची पाळी आली. ठिणगी होती ड्रीमलायनरची.

एअर इंडियाने २७ ड्रीमलायनर मागवली होती ती विलीनीकरणाच्या आधी. गिल्डचं म्हणणं, ही विमानं आमच्या बढतीसाठी होती, आम्ही इतकी वर्षं उजव्या खुर्चीत थांबलो ते याच आशेवर. व्यवस्थापनाचं म्हणणं, आता कंपनी एक आहे, तेव्हा ट्रेनिंग दोन्हीकडच्यांना. हा संप ५८ दिवस चालला. कित्येकांना बडतर्फ केलं गेलं, प्रवाशांचे अतोनात हाल झाले. पहिलं ड्रीमलायनर अजून देशात उतरलंही नव्हतं, ते आलं सप्टेंबरमध्ये! बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरखेळासारखं वाटलं असेल. पण भांडण विमानाचं नव्हतंच, रांगेतल्या जागेचं होतं.

गोष्ट अजून संपलेली नाही. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परत गेली, आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्याआधी त्याच वर्षी विस्ताराची कितीतरी उड्डाणं रद्द झाली होती. नवा पगार-करार हे वैमानिकांच्या नाराजीचं मोठं कारण होतं, पण एकत्रित यादीत आपण कुठे असू ही धास्तीही त्यात होतीच. निजामाबरोबर १९४५ साली भागीदारी करणारे टाटा आणि हे टाटा, मध्ये जवळजवळ ऐंशी वर्षं. प्रश्न तोच.

म्हणून माझी आपल्या वाचकांना एक विनंती आहे. डेक्कन एअरवेजचे फोटो, तिकिटं, बिल्ले लोक आवर्जून जपतात. नेमणुकीची पत्रं, छापील ज्येष्ठता याद्या, त्यांवर दिलेले अर्ज, ही कागदं मात्र रद्दीत जातात. विमानतळावर काम केलेल्या किंवा ५६ साली मराठवाड्यात बदलून गेलेल्या कोणाच्या पेटीत असे कागद निघाले, तर फेकू नका. विमानं किती होती हे सरकारी अहवालात सापडतं. कोण कोणाच्या मागे उभा राहिला, आणि त्याला ते कसं सोसलं, हे फक्त त्या पिवळ्या कागदांतच आहे.