आयर्लंडच्या पऱ्या: टेकाडांखालचे पराभूत

परी म्हटले, की नाजूक पंखांची, हाती जादूची छडी घेतलेली दयाळू आकृती डोळ्यांसमोर येते. आयरिश लोककथांतील 'शी' मात्र तशा नाहीत. 'शी' या शब्दाचा मूळ अर्थ टेकाड. पुराणकथेनुसार 'तुआहा डे डानन' हा दैवी वंश मिलेशियन आक्रमकांकडून पराभूत झाला आणि टेकाडांखाली वस्तीस गेला. पुढे लोकसमजुतीत तेच माणसे पळवणारे अदृश्य शेजारी ठरले. ही भीती गोष्टींपुरती नव्हती. १८९५ मध्ये टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला, ही 'त्यांनी' ठेवलेली तोतया आहे, असे म्हणत पतीने जाळले.

किशोरांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी हा वारसा निरनिराळ्या रीतीने हाताळला आहे. ओवेन कोल्फर यांच्या 'आर्टेमिस फाउल'मध्ये (२००१) या भूमिगत वंशाकडे माणसांहून प्रगत यंत्रे आहेत. केट थॉम्पसन यांच्या 'द न्यू पोलिसमन'मध्ये (२००५) आपला काळ 'तिर ना नोग' या चिरतारुण्याच्या देशात झिरपू लागतो.

पॅडर ओ गिलीन यांची 'द कॉल' (२०१६) अधिक कठोर आहे. येथे किशोरवयीन मुले एकेक करून 'शीं'च्या करड्या भूमीत खेचली जातात. इथली तीन मिनिटे चार सेकंद म्हणजे तिथला एक दिवस. तेवढा वेळ तगायचे. पोलिओने पाय अधू झालेली नेसा त्याचीच तयारी करते.

'शी' क्रूर आहेत. पण त्यांना या भूमीतून हुसकावले ते माणसांनीच. पूर्वजांच्या अन्यायाची किंमत मुलांनी का मोजावी, हा या कथेतला खरा प्रश्न आहे.