चाळिशीत परदेशी पदवी : आधी हिशेब, मग विमान

बँकेत, सी.ए.च्या कार्यालयात किंवा आखाती देशातील एखाद्या कंपनीत दहा-पंधरा वर्षे हिशेब सांभाळलेले आमच्या समाजातील अनेक जण आज एक प्रश्न विचारतात. नोकरी सोडून परदेशात इस्लामी अर्थव्यवहाराची मास्टर्स पदवी घ्यावी काय? आम्ही सूत-कापडाचे व्यापारी, प्राध्यापक नव्हे. परंतु हा प्रश्न जितका विद्येचा तितकाच भांडवलाचा आहे, आणि भांडवलाचा हिशेब आम्हाला रोजच करावा लागतो.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत भारतीयही आहेत. गोरखपूरचे डॉ. मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांनी बिनव्याजी बँकेची मांडणी उर्दूत केली. १९८२ साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. २०२२ साली त्यांचा इंतकाल झाला. या विद्येचा कारभार मात्र परदेशात वाढला. मलेशियाने १९८३ साली इस्लामी बँकेचा कायदा केला आणि त्याच वर्षी तेथे बँक इस्लाम सुरू झाली. पुढे २००५ साली तेथील मध्यवर्ती बँकेने या विषयाच्या उच्च शिक्षणासाठी क्वालालंपूर येथे ‘इन्सीफ’ ही संस्था स्थापन केली.

तेथे काय शिकायचे? आमच्या धंद्यातील उदाहरण घेऊ. यंत्रमागधारकाला सूत हवे आहे, हाती रोकड नाही. मुराबहात बँक ते सूत स्वतः खरेदी करते, त्याची मालक होते आणि खरेदीची किंमत व आपला नफा उघड सांगून त्याला उधारीवर विकते. एकदा ठरलेली किंमत हप्ता लांबला म्हणून वाढत नाही. आता बँकेने सूत घेतलेच नाही, फक्त कागद रंगवले आणि पैसे दिले, तर नाव मुराबहा असले तरी व्यवहार व्याजाचाच झाला. ही पळवाट अनुभवी माणसाला चटकन दिसते. कॅश क्रेडिटची फाइल हाताळलेला, परत आलेला चेक पाहिलेला माणूस वर्गात बसला तर कोवळ्या पदवीधरापेक्षा अधिक कमावून उठतो, असे आमचे मत आहे.

परंतु माल तयार करण्यापूर्वी गिऱ्हाईक पाहावे लागते. भारतात इस्लामी बँक नाही. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँक व्यवहाराची शिफारस केली होती. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय कळवला. शेअर बाजारात शरीअतच्या कसोटीवर निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक आहेत, पण तेवढ्यावर फार माणसांना काम मिळत नाही. म्हणजे या पदवीचा बाजार मुख्यतः आखात, मलेशिया आणि काही प्रमाणात लंडन येथे आहे. पदवी घेऊन मालेगावला परतायचे असेल तर पगारवाढीची आशा धरू नये.

खर्च मांडताना लोक फी आणि तिकीट धरतात, बुडालेला पगार विसरतात. समजा महिना ६०,००० रुपये पगार आहे. वर्षभराचे ७,२०,००० रुपये फीइतकेच खरे आहेत. घरच्यांचाही विचार हवा. ब्रिटनमध्ये मास्टर्स साधारण एका वर्षात होते, पण वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या परदेशी विद्यार्थ्यांना जानेवारी २०२४ पासून बायको-मुले सोबत नेता येत नाहीत.

पैसा कोठून आणायचा, हा सर्वांत नाजूक प्रश्न. बिनव्याजी व्यवहार शिकण्यासाठी व्याजी कर्ज काढावे, हे मनाला पटत नाही. अल्पसंख्याकांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजनाही २०२२-२३ पासून बंद झाली. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मात्र अनुभवी लोकांच्या कामाची आहे. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. एका वर्षाच्या मास्टर्सची फी आणि राहण्याचा खर्च मिळतो. नंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. तेही न साधल्यास भाऊ-मामांकडून कर्ज-ए-हसना घ्यावे. ते तोंडी मात्र घेऊ नये. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. मुदत आणि साक्षीदार कागदावर असले म्हणजे नाते टिकते.

आमचा सल्ला असा की, एकदम मोठा सौदा करू नये. प्रथम नमुना पाहावा. बहरीनची ‘आयोफी’ ही संस्था इस्लामी वित्तसंस्थांसाठी लेखा आणि शरीअतची मानके ठरवते. हिशेबनीस आणि लेखापरीक्षकांसाठी तिच्या प्रमाणपत्र परीक्षा आहेत. नोकरी सांभाळून त्यातील एक द्यावी. अभ्यासात मन रमले, आखातातील दोन-चार मालकांनी त्या प्रमाणपत्राची दखल घेतली, तर मास्टर्सचा अर्ज करावा. मालकच रजा किंवा निम्मी फी देत असेल तर त्याहून उत्तम.

जमाअतचे ट्रस्ट आणि पतसंस्था यांच्याकडेही आमचे मागणे आहे. दहावी-बारावीच्या मुलांना वह्या वाटणे चांगलेच. त्याचबरोबर दरवर्षी एका अनुभवी माणसाला बिनव्याजी रक्कम देऊन पाठवा आणि परत आल्यावर आपल्या पतसंस्थेचे व्यवहार तपासण्याची जबाबदारी लेखी करारात घाला. वस्तीतल्या दहा यंत्रमागधारकांना व्याजाविना सूत मिळू लागले, तरी त्या पदवीचे चीज झाले असे आम्ही समजू.