विस्तवाविना तापणारे लोखंड

लोहाराच्या ऐरणीवर दोन माणसे काम करतात. एकाच्या हाती सांडशी आणि लहान हातोडी, दुसऱ्याच्या हाती घण. हातोडी पडली की घण येतो, घण वर गेला की पुन्हा हातोडी. दोघे एकाच क्षणी एकाच जागी आले, तर हात मोडायचा. म्हणून दोन घावांच्या मध्ये एक रिकामा क्षण राखलेला असतो. कवितेच्या ओळीतल्या अशा विसाव्याला यती म्हणतात. आज मला बोलायचे आहे ते विजेच्या भट्टीतल्या यतीबद्दल.

आमचे अंथुर्णे इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या शेजारी. १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंदांनी तिथे साखर कारखाना उभारला, पुढे मोठी यंत्रेही तिथे घडू लागली. अशा परिसरात लेथ, वेल्डिंग, मोटार वाइंडिंग ही हातांना ठाऊक असलेली कामे. त्यामुळे एखाद्या वायरमन पोराला वाटले, की कोळसा आणि भाता यांच्याशिवाय फाळ तापवावा किंवा ट्रॅक्टरचा गंजून बसलेला नट सैल करावा, तर नवल नाही. त्यासाठीचे यंत्र म्हणजे इंडक्शन हीटर. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी त्याचीच बहीण.

याचे मूळ तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवले. ते स्वतः एका लोहाराचे चिरंजीव, हा योगायोग मला फार आवडतो. तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली, की भोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तसेच बदलत राहते. त्यात लोखंड धरले, की लोखंडातच पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे विजेचे प्रवाह फिरू लागतात आणि ते आपोआप तापते. ना जाळ, ना धूर. उष्णता बाहेरून येत नाही, ती लोखंडातच जन्मते.

घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. छोट्या तुकड्यासाठी ती फार संथ. घरगुती यंत्रात साधारण २० हजारांपासून १ लाखापर्यंत आवर्तने लागतात. इतक्या वेगाने वीज उलटसुलट करायचे काम मॉस्फेट नावाचे दोन इलेक्ट्रॉनिक खटके करतात. एक वरचा, एक खालचा, आळीपाळीने चालू-बंद. हेच आपले हातोडी आणि घण. त्यांना केव्हा चालू व्हायचे ते सांगणारा इशारा म्हणजे ड्राइव्ह सिग्नल. घरी केलेली बहुतेक यंत्रे फसतात ती इथेच.

पहिली गोष्ट विसाव्याची. ५० हजार आवर्तने धरली, तर एक आवर्तन २० मायक्रोसेकंदांचे, म्हणजे प्रत्येक खटक्याच्या वाट्याला दहा. वरचा पुरता बंद होण्याआधीच खालचा चालू झाला, तर वीज वेटोळ्याकडे न जाता दोघांमधून सरळ धावते आणि दोघेही फटाक्यासारखे फुटतात. म्हणून अर्धा-एक मायक्रोसेकंद दोघांनाही बंद ठेवायचे. इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळखीची एसजी ३५२५ ही चकती हा विसावा स्वतःच देते.

दुसरी गोष्ट इशाऱ्याच्या जोराची. मॉस्फेटचे गेट हे एक लहानसे भांडे समजा. ते विजेने भरले की खटका चालू, रिकामे केले की बंद. मोठ्या मॉस्फेटचे हे भांडे सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागात भरायचे, तर तेवढ्यापुरता सुमारे एक अँपिअर प्रवाह लागतो. इशारा दुबळा असेल, तर खटका अर्धवट उघडा राहतो आणि लोखंडाऐवजी तोच तापतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर चकती घालतात. गेटला बारा ते पंधरा व्होल्ट पुरतात. बहुतेक मॉस्फेटमध्ये वीसच्या वर गेले, की आतला पातळ पडदा फाटतो. त्यासाठी झेनर डायोडचा पहारा ठेवतात.

तिसरी गोष्ट तारांची. दहा सेंटिमीटर तार म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण दहा अँपिअर प्रवाह अतिवेगाने तुटला, तर तेवढ्याशा तारेतही वीसेक व्होल्टचा धक्का उठू शकतो. तो गेटच्या वाटेत आला, तर इशारा नसताना खटका उघडतो. म्हणून गेटच्या तारा आखूड, एकमेकींना पीळ दिलेल्या असाव्यात आणि त्यांची परतीची वाट मोठ्या प्रवाहापासून वेगळी असावी. गेटजवळ पाच-दहा ओहमचा रेझिस्टर ठेवला, की उरलेली थरथरही शांत होते.

चौथी गोष्ट तालाची. वेटोळे आणि कपॅसिटर मिळून एक झोका होतो. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का द्यावा लागतो. पण तुकडा आत सरकला की ही लय बदलते. लोखंड सुमारे ७७० अंशांपुढे गेले, की त्याचे चुंबकत्व जाते आणि लय पुन्हा बदलते. म्हणून चांगल्या यंत्रात ४०४६सारखी चकती झोक्याकडे लक्ष ठेवून धक्क्याचा वेग जुळवत राहते. तबलजी गाणाऱ्याच्या मागे जातो, तसेच हे.

मित्रहो, हे जमवायचे तर घाई नको. आधी मोठी वीज जोडूच नये. नुसता इशारा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहावा. कडा उभ्या आहेत का, मधला विसावा दिसतो का, हे तपासावे. मग बारा व्होल्टच्या बॅटरीवर, मध्ये बल्ब जोडून चाचणी घ्यावी. घरची वीज सरळ केली, की कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट चढतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ तिथे दबा धरून बसतात. त्यांना हात लावणे जिवावर बेतू शकते. अशा विजेवर ऑसिलोस्कोपची जमिनीची क्लिप थेट लावणेही तितकेच घातक. बोटातली अंगठी काढून ठेवावी. हृदयाला पेसमेकर असलेल्याने जवळ थांबू नये.

हे सारे ज्याला समजले, तो बाजारातले बंद पडलेले यंत्रही उघडून दुरुस्त करू शकेल. गावात एक हुन्नर जात असताना दुसरा येऊ शकतो, तो असा. मात्र तो फुटलेल्या मॉस्फेटच्या ढिगातून येत नाही, दोन घावांमधला क्षण राखायला शिकल्यावर येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)