पूडल पाळायचा आहे? आधी हे तपासा

पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उरवडे (ता. मुळशी) लागते. पुण्याच्या धावपळीतून सुटका म्हणून या पट्ट्यात अनेकांनी शेतघरे व बंगले बांधले आहेत. घराला अंगण आले की कुत्रा पाळण्याची इच्छा बळावते आणि त्यात अलीकडे पूडलचे नाव वारंवार ऐकू येते. कुरळ्या केसांचा, हुशार, घरात केस न सांडणारा कुत्रा अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी नाही. मात्र ती अपुरी आहे. पूडल साधारणपणे १२ ते १५ वर्षे जगतो. त्यामुळे पिल्लू आणण्यापूर्वी पुढील काही बाबींचा विचार करणे हिताचे ठरते.

मूळचा पाणशिकारी

पूडल हा फ्रान्सचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याचे नाव जर्मन भाषेतून आले आहे. पाण्यात डुंबणे अशा अर्थाच्या शब्दाशी ते निगडित आहे. शिकाऱ्याने टिपलेली बदके पाण्यात उतरून काठावर आणणे हे त्याचे मूळ काम. प्रदर्शनात दिसणारी त्याची चमत्कारिक केशरचनाही या कामातूनच आल्याचे सांगितले जाते. पोहताना ओझे होऊ नये म्हणून मागचा भाग भादरायचा आणि छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तेथील केस ठेवायचे, अशी ही पद्धत.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकानुसार पूडलचे उंचीवरून चार प्रकार पडतात: स्टँडर्ड (४५ ते ६० सेंमी), मीडियम (३५ ते ४५), मिनिएचर (२८ ते ३५) आणि टॉय (२४ ते २८). ‘टीकप पूडल’ असा मान्यताप्राप्त प्रकारच नाही. त्या नावाने विकली जाणारी अतिलहान पिल्ले बहुधा नाजूक प्रकृतीची असतात.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मधील आपल्या पुस्तकात आज्ञापालनाच्या बाबतीत बॉर्डर कोलीनंतर पूडलला दुसरे स्थान दिले. परंतु हुशार कुत्र्याला रिकामेपण सोसत नाही. रोजचा व्यायाम, खेळ आणि माणसांचा सहवास मिळाला नाही, तर तो सतत भुंकतो, वस्तू कुरतडतो, अस्वस्थ होतो. त्यामुळे आठवडाभर राखणदाराच्या भरवशावर पिंजऱ्यात ठेवायचा आणि शनिवार-रविवारी खेळायला सोडायचा, असा बेत असेल तर पूडलचा विचार न करणेच बरे.

केस गळत नाहीत, पण वाढतात

पूडलचे केस इतर जातींच्या तुलनेत फार कमी गळतात. सुटलेला केस कुरळ्या केसांतच अडकून राहतो आणि विंचरले नाही तर त्याच्या गाठी होतात. रोज किंवा एक दिवसाआड मुळापर्यंत विंचरणे आणि चार ते सहा आठवड्यांनी केस कापणे अपरिहार्य असते. सहा आठवड्यांचा हिशेब धरला तरी वर्षाला आठ-नऊ वेळा आणि तेरा वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक वेळा हा खर्च येतो. पिल्लाच्या किमतीपेक्षा या खर्चाचा विचार आधी करावा.

केस गळत नाहीत म्हणून ॲलर्जी होत नाही, हा समजही तपासून घ्यायला हवा. ॲलर्जीला कारणीभूत होणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यातही असतात. डेट्रॉईट येथील हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०११ मध्ये १७३ घरांतील धुळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲलर्जीमुक्त म्हणविल्या जाणाऱ्या आणि इतर जातींच्या घरांत या प्रथिनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल, तर त्याला आधी प्रत्यक्ष पूडलच्या सहवासात काही वेळ घालवू द्यावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाऊस, गोचीड आणि बिबट्या

उरवड्यापासून टेमघर धरण दूर नाही. या पट्ट्यात पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. अशा दमट हवेत ओले कुरळे केस लवकर वाळत नाहीत आणि त्वचेला बुरशीचा संसर्ग होतो. लोंबत्या, केसाळ कानांत ओल राहून कान पिकतात. दाट केसांत गोचीड दडून राहते आणि तिच्यामुळे होणारे एर्लिकिया व बेबेसिया हे आजार जिवावर बेतू शकतात. त्यामुळे पावसाळ्यात केस आखूड ठेवणे, फिरून आल्यावर पूर्ण कोरडे करणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक देणे आवश्यक आहे. साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लसही विसरू नये.

मुळशीच्या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य आहे. अकोले (जि. अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर) परिसरातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१६ मध्ये ‘ओरिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात खाद्याच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. म्हणून लहान पूडल असो वा मोठा, तो रात्री घरातच असला पाहिजे. राखणीसाठी अंगणात बांधून ठेवण्याचा हा कुत्रा नव्हे.

पिल्लू घेताना

कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला पाहावा आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखविण्याचा आग्रह धरावा. गाडीत किंवा रस्त्यावर पिल्लू ताब्यात देणाऱ्याकडून ते घेऊ नये. लहान पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणे व दातांचे विकार, मोठ्यांमध्ये खुब्याचे दोष व पोटाला पीळ पडणे, तर सर्वच प्रकारांत डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक ऱ्हास आढळतो. आईवडिलांच्या डोळ्यांची व सांध्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. पुणे महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची वार्षिक लसही ध्यानात ठेवावी.

थोडक्यात, घरात दिवसाचा बराच वेळ कोणी ना कोणी असते, रोज पाऊण-एक तास फिरविणे शक्य आहे, विंचरण्याचा कंटाळा नाही आणि दर महिना-दीड महिन्याचा खर्च पेलतो, अशांना पूडल उत्तम साथ देतो. ज्येष्ठ नागरिक आणि सदनिकेत राहणाऱ्यांना मिनिएचर प्रकार सोयीचा. पाच-सहा वर्षांखालील मुले असतील तर टॉय टाळावा, कारण हातातून पडला तरी त्याचे हाड मोडू शकते. शेतघरासाठी राखणदारच हवा असेल, तर या मातीत रुळलेला, आखूड केसांचा गावठी कुत्रा अधिक योग्य. मात्र रात्रीचा आसरा आणि लस त्यालाही दिलीच पाहिजे.