वीस लेकरांच्या आईची धाकटी

मायबहिणींनो, कापसाची शेवटची वेचणी झाली तरी पऱ्हाटीला इथेतिथे एखादे बोंड राहून जातेच. ते कोण वेचते? ज्या घरात चूल पेटायची पंचाईत, त्या घरची बाई. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात लू एला टाऊनसेंड नावाची एक काळी आई हेच करी. हिवाळ्यात जमीन गोठलेली आणि पोरांच्या पायांत जोडे नाहीत. मग ती त्यांच्या पायांना चिंध्या गुंडाळी आणि या मळ्यातून त्या मळ्यात उरलासुरला कापूस वेचत फिरे. तिला वीस लेकरे. त्यांतली सर्वांत धाकटी फॅनी लू, जन्म ६ ऑक्टोबर १९१७. तिचीच हकीगत आज सांगायची आहे.

टाऊनसेंड कुटुंब वाट्याने शेती करी. जमीन गोऱ्या मालकाची, किराणाही मालकाच्याच दुकानातून उधार आणि वर्षअखेरचा हिशेब त्याच्याच वहीत. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. फॅनी सहा वर्षांची असताना मालक म्हणाला, तीस पौंड कापूस वेचलास तर दुकानातून खाऊ देईन. पोर हरखली. खाऊ घेतला, आठवडाभर राबली. पुढच्या आठवड्यात साठ पौंडांची मागणी आली!

एकदा घराला बरे दिवस आले होते. वडिलांनी खेचरे आणि गाई घेतल्या. कोणा गोऱ्या शेजाऱ्याला ते बघवले नाही. त्याने गव्हाणीत विष कालवले आणि जनावरे तडफडून मेली. ज्याच्या दावणीची बैलजोडी गेली असेल, त्यालाच ते दुःख कळेल.

वडील बॅप्टिस्ट उपदेशक होते. या ख्रिस्ती पंथात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होत नाही. माणूस जाणता झाला आणि आपल्या तोंडाने श्रद्धा सांगितली, की त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. काळ्या शेतमजुरांना शाळा थोडी, आणि तीही कापसाचे काम नसेल तेव्हाच. वाचन, गाणे, चारचौघांत बोलणे हे सारे फॅनी चर्चमध्ये शिकली.

पुढे पेरी हेमर या ट्रॅक्टर चालवणाऱ्याशी तिचे लग्न झाले. मळ्यावर फॅनीबाई मजुरांच्या हजेरीचे आणि वजनाचे टिपण ठेवू लागल्या. मालकाच्या मापात पाप होते. बाईंनी काय करावे? मालक नजरेआड असला की त्या स्वतःचे वजन काट्याला लावीत, म्हणजे मजुराच्या पदरात पुरते माप पडे.

१९६१ साली पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया करताना डॉक्टराने न विचारता त्यांचे गर्भाशयच काढले. तिथल्या गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत असे अनेकदा घडे. बाईंची कूस उजवलीच नाही. पण गरिबाघरच्या दोन मुली त्यांनी पोटच्या म्हणून वाढवल्या.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिल गावच्या त्यांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा झाली. काळ्या माणसालाही मत देण्याचा हक्क आहे, हे त्या चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच ऐकत होत्या. ३१ ऑगस्टला सतरा जणांबरोबर जुन्या बसने त्या इंडियानोलाला नाव नोंदवायला गेल्या. तिथे राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ विचारून त्यांना नापास केले. परतताना पोलिसांनी बस अडवली. कारण काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे! दंड सर्वांनी वर्गणी करून भरला. अंधारात घाबरलेल्या त्या माणसांत बाईंनी चर्चमधली गाणी सुरू केली.

घरी मालक उभाच होता. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. बाईंनी सांगितले, मी तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षांचे ठिकाण त्याच रात्री सुटले. पुढच्या जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना इतके मारले, की मूत्रपिंड कायमचे अधू झाले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे त्यांनी हे सारे सांगितले आणि देशभर लोकांनी ते दूरदर्शन संचावर ऐकले.

पण मायबहिणींनो, नाव झाले म्हणून घरातली भूक गेली नाही. १९६७ साली थोरली मुलगी आजारी पडली. अंग आधीच उपासमारीने खंगलेले. जवळच्या दवाखान्याने घेतले नाही, दूर मेंफिसला नेले. ती वाचली नाही. मागे दोन चिमुकल्या मुली. त्याही बाईंनी आणि पेरीने पदरात घेतल्या.

भाकरी मालकाच्या हातात असेल तर मतही त्याच्याच हातात, हे बाईंनी पुरते ओळखले. १९६९ साली त्यांनी चाळीस एकर जमीन घेऊन सहकारी शेती सुरू केली. भेंडी, घेवडा, वाटाणा, रताळी, पालेभाज्या लावल्या. कष्ट करील त्याने खायला न्यावे. शिवाय ‘डुकरांची बँक’! काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने पस्तीस माद्या आणि पाच नर दिले. गरजू घराला गाभण मादी मिळे. पिल्ले त्या घराने वाढवायची, खायची, विकायची. बँकेची ठेव पुढच्या घराकडे फिरे. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात, त्याची ही चुलत बहीणच. फरक इतकाच, की वाटा मागणारा मालक इथे नव्हता.

ही शेती टिकली नाही. कधी पूर, कधी अवर्षण, देणग्या आटल्या, बाईंची प्रकृतीही खालावली. १९७६ च्या सुमारास जमीन हातची गेली. १४ मार्च १९७७ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी फॅनीबाई वारल्या. त्यांना रूलव्हिललाच मूठमाती दिली. ती जागा एकेकाळी याच सहकारी शेतीची होती.